घ्यायला शिकणं: कब्बालातलं माणसाचं आणि निर्मात्याचं नातं, अगदी पहिल्यापासून

कब्बालाशी, म्हणजे यहुदी धर्मातल्या गूढ परंपरेशी, माझी पहिली गाठ पडली ती एका तक्त्यामुळे. दहा वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या बावीस रेघा, प्रत्येक वर्तुळात एक हिब्रू नाव. मी तो रंगीत छापून आणला, लॅमिनेट केला आणि टेबलासमोर भिंतीला लावला. महिन्याभरात दहाही नावं वरून खाली आणि खालून वर पाठ झाली. मला हिब्रू अक्षरं गिरवायला शिकवणाऱ्या बाईंना ती मोठ्या हौसेने म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान. आता यात देतंय कोण आणि घेतंय कोण, ते सांगा." माझी दातखीळ बसली.

तक्ता काढून ठेवला आणि दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. आधी नातं, मग नावं. नव्याने येणाऱ्याने हाच क्रम धरावा असं माझं मत आहे, म्हणून पुढच्या पायऱ्या त्या क्रमाने आहेत. घाई करू नका. एकेका पायरीवर आठवडा गेला तरी काही बिघडत नाही.

पायरी १: आधी टेबल रिकामं करा

मनगटातला लाल धागा, टॅरोची पानं, 'एंजल नंबर', नावाच्या आकड्यावरून भविष्य हे सगळं बाजूला सारा. टॅरो आणि हिब्रू अक्षरांची जोडी १८व्या-१९व्या शतकांत युरोपातल्या गूढविद्येच्या शौकिनांनी लावली. कब्बाला ही यहुदी धर्मातली परंपरा आहे. तोरा (यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, मोशेची पाच पुस्तकं), तिच्यातल्या ६१३ आज्ञा, हिब्रू भाषा आणि प्रार्थनेच्या वेळा यांच्यावर ती उभी आहे. तो पाया काढून घेतला तर हातात फक्त आकृत्या उरतात.

आपल्या मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट बाजूला ठेवावी लागते आणि ती जास्त अवघड आहे. पहिल्याच पानावर मन म्हणू लागतं, "अरे, हे तर आपलं ब्रह्मच की. आणि ही दहा वर्तुळं म्हणजे चक्रंच." तुलना जरूर करा, पण नंतर. सुरुवातीलाच केलीत तर जे वेगळं आहे तेच नजरेतून निसटतं, आणि इथे जे वेगळं आहे त्यातच गंमत आहे.

टेबलावर एकच गोष्ट राहू द्या: 'कब्बाला' हा शब्द. हिब्रू धातूचा अर्थ 'घेणं, स्वीकारणं'. गुरूकडून घेतलेलं ज्ञान, म्हणून कब्बाला. आज इस्रायलमध्ये दुकानदार पैसे घेऊन हातात पावती ठेवतो तिलाही हाच शब्द आहे. मला हे कळलं तेव्हा बाईंचा प्रश्न पहिल्यांदा नीट ऐकू आला.

पायरी २: तीन ठिकाणं लक्षात ठेवा, बाकी इतिहास नंतर

पहिलं ठिकाण दक्षिण फ्रान्समधला प्रोव्हान्स. १२व्या शतकाच्या अखेरीस 'बाहीर' हे पुस्तक तिथे पुढे आलं. दुसरं स्पेनमधलं कास्तिल. तिथे १३व्या शतकाच्या शेवटी 'झोहर', तोरावरचं गूढ भाष्य आणि कब्बालाचा मुख्य ग्रंथ, लोकांच्या हाती पडू लागला. परंपरा त्याचं कर्तृत्व दुसऱ्या शतकातल्या रब्बी (यहुदी धर्मगुरू) शिमोन बार योहाई यांना देते. आधुनिक अभ्यासक मोशे दे लेऑन (मृत्यू १३०५) आणि त्यांच्या भोवतालच्या मंडळींकडे बोट दाखवतात. श्रद्धावान आणि संशोधक यांच्यातला हा वाद तुम्ही सोडवायला जाऊ नका. तिसरं ठिकाण आजच्या उत्तर इस्रायलमधल्या गालिलच्या डोंगरातलं त्सफात हे गाव. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या यहुद्यांचे वंशज आणि शिष्य १६व्या शतकात तिथे जमले. मोशे कोर्दोवेरो (१५२२–१५७०) यांनी आधीच्या सगळ्या विचाराची नीट मांडणी केली. ते गेले त्याच वर्षी इजिप्तहून इसहाक लुरिया तिथे आले, जेमतेम दोन वर्षं शिकवलं आणि १५७२ मध्ये साथीत वारले. वय ३८. स्वतः त्यांनी जवळजवळ काहीच लिहिलं नाही. जे आहे ते मुख्यतः हाईम व्हिटाल या शिष्याने टिपून ठेवलेलं.

हद्दपारीचं एवढं ओझं डोक्यावर असलेली माणसं देवाबद्दल काय विचार करत असतील, हे पुढे वाचताना लक्षात असू द्या.

पायरी ३: 'निर्माता' म्हणजे नक्की कोण, हे विचारा

कब्बालाकार दोन गोष्टी वेगळ्या धरतात. एक म्हणजे 'एन सोफ', शब्दशः 'ज्याला अंत नाही'. त्याच्याविषयी काहीही म्हणता येत नाही. तो दयाळू आहे असंही नाही आणि तो 'तो' आहे असंही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यातून प्रकट होणारी दहा रूपं, सफिरोत. प्रार्थनेत ज्याला हाक मारायची, ज्याच्यावर रुसायचं, ज्याला राजा, बाप, नवरदेव म्हणायचं, ते सगळं या दुसऱ्या अंगाने चालतं.

मग देव दहा झाले का? टीकाकारांनी हा प्रश्न तेव्हाच विचारला होता. कोर्दोवेरोंचा दाखला सोपा आहे. वेगवेगळ्या रंगांच्या काचेच्या भांड्यांत पाणी ओता. लाल भांड्यातलं लाल दिसेल, हिरव्यातलं हिरवं. पाण्याला रंग चढलेला नाही; बघणाऱ्याला तो तसा दिसतो. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे. मी केला, आणि 'एकच आहे पण दहा दिसतात' हे वाक्य पुन्हा कधी पाठ करावं लागलं नाही.

आकडेमोड करायचीच असेल तर या पायरीवर एकदाच करा. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो. 'एहाद' म्हणजे 'एक': १, ८ आणि ४ मिळून १३. 'अहवा' म्हणजे 'प्रेम': १, ५, २, ५ मिळून तेही १३. दोन्हींची बेरीज २६, आणि चार अक्षरी पवित्र नामाचे १०, ५, ६, ५ मिळूनही २६ च. हे नाव यहुदी माणूस उच्चारत नाही, तुम्हीही उच्चारायला जाऊ नका. यातून काही सिद्ध होतं असं नाही, पण या लोकांना आकड्यांत काय दिसतं ते कळतं.

पायरी ४: जागा कशी झाली

आता लुरियांचा मुद्दा. सगळीकडे एन सोफच भरलेला असेल तर दुसऱ्या कशाला जागा कुठून येणार? लुरियांची शिकवण अशी, की निर्मितीच्या आधी एन सोफने स्वतःला आवरलं, मागे घेतलं. मधे एक पोकळी झाली आणि त्या पोकळीत जग. या आवरण्याला 'त्सिमत्सुम' म्हणतात.

निर्मितीचं पहिलं पाऊल आवरून घेण्याचं आहे, यावर जरा थांबा. भरल्या लोकलमध्ये बाकावरचा माणूस अंग चोरून 'बसा' म्हणतो तेव्हा त्याने तुम्हाला वस्तू काहीच दिलेली नसते, तरी बसायला मिळतं. दाखला माझा आहे आणि कच्चा आहे. लोकलमधल्या माणसाला जागा कमी पडते, एन सोफला ती अडचण नाही.

हे मागे सरणं खरंखुरं धरायचं की रूपक समजायचं, यावर मोठी भांडणं झाली. हसिदी परंपरेतले (१८व्या शतकात पूर्व युरोपात उभी राहिलेली यहुदी भक्तिचळवळ) श्न्योर झल्मान (१७४५–१८१२) यांनी 'तान्या' या ग्रंथात ठाम सांगितलं की ते अक्षरशः घ्यायचं नाही. निर्माता कुठेही गेलेला नाही, त्याचा प्रकाश फक्त झाकला आहे, आणि झाकला आहे तो आपल्यासाठी. नवख्याने बाजू घेऊ नये. एवढं मात्र टिपून ठेवा: माणसाला देवापासून जे अंतर जाणवतं ते इथे शिक्षा म्हणून आलेलं नाही. त्या अंतरामुळेच माणूस आहे.

पायरी ५: कागद घ्या आणि पाठमोरा माणूस काढा

तक्ता आता बाहेर काढायला हरकत नाही, पण वर्तुळांऐवजी माणूस काढा. पाठमोरा काढा, म्हणजे त्याचा उजवा हात तुमच्या उजव्या बाजूला येईल आणि छापील तक्त्याशी मेळ बसेल. मी पहिल्यांदा समोरून काढला होता आणि दोन आठवडे सगळं उलटंपालटं वाचत होतो.

डोक्यावर मुकुट, तो केतेर. मेंदूत होखमा, म्हणजे शहाणपणाची पहिली ठिणगी. हृदयात बिना, म्हणजे समज. उजवा हात हेसेद, देणारी माया. डावा हात गवुरा, आवरणारी ताकद. धड तिफेरेत, दोघांचा मेळ. दोन पाय नेत्साह आणि होद. जननेंद्रियाच्या जागी यसोद, पाया. तोंडाशी मालखुत, राज्य. ही मांडणी 'तिक्कुने झोहर' या झोहरला जोडल्या जाणाऱ्या ग्रंथातल्या एका उताऱ्यात आहे. तो संदेष्टा एलियाहूच्या तोंडी आहे आणि पूर्वेकडच्या अनेक यहुदी समाजांत शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेआधी म्हटला जातो.

एलियाहू हे नाव कोकणातल्या वाचकाला नवं नसेल. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांच्या, घरांत नवस फेडताना पोहे, ओलं खोबरं आणि साखर घालून मलिदा करतात तो एलियाहू हन्नबीच्या नावानेच, आणि अलिबागजवळ त्याच्या रथाची खूण दाखवतात. बेने इस्रायल समाज कब्बालासाठी ओळखला जात नाही, तेव्हा नसतं नातं जोडू नका. पण कब्बालाच्या परंपरेत गुपितं उघडून सांगणारा तोच, हे माहीत असलेलं बरं. लुरियांनाही त्यानेच शिकवलं असं मानतात.

दहाही सफिरोत सारख्या खोलीने शिकायची गरज नाही. सुरुवातीला दोन हात आणि तोंड पुरेत.

दोन हातांसाठी मिद्राशमधली, म्हणजे रब्बींच्या जुन्या कथारूप भाष्यातली, एक गोष्ट आहे. राजाकडे पातळ काचेचे पेले होते. तो म्हणाला, कढत पाणी ओतलं तर तडकतील, गार ओतलं तर आकसतील. मग त्याने दोन्ही मिसळून ओतलं आणि पेले टिकले. देवही म्हणाला, नुसत्या मायेने जग निर्माण केलं तर पाप माजेल, नुसत्या न्यायाने केलं तर जग टिकणार नाही, दोन्ही घालू. उकळता चहा थेट काचेच्या ग्लासात ओतून ज्याने ग्लास गमावला आहे त्याला हेसेद आणि गवुरा वेगळे शिकवायला नकोत. झोहर याच्याही पुढे जातो: गवुरा हेसेदपासून तुटली की तिथून दुष्टपणाची मुळं फुटतात. म्हणजे वाईटाचा उगम बाहेरच्या कुठल्या सैतानात नाही, मेळ तुटण्यात आहे.

आता तोंड, मालखुत. हिच्याजवळ स्वतःचं काहीही नाही, असं झोहर सांगतो. चंद्रासारखी. वरच्या नवांकडून जे येतं तेच तिचं. हिचंच दुसरं नाव शखिना, देवाचं जगात वसणारं, जवळ असणारं अंग. भाषा तिला स्त्री मानते: राणी, नवरी, आई.

इथे बाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला मिळालं. तक्त्यातलं प्रत्येक वर्तुळ वरच्याकडून घेतं आणि खालच्याला देतं. केतेरही घेतो, मालखुतही देते. निव्वळ दाता आणि निव्वळ याचक असं त्यात कोणी नाही. घेणारेपण खुद्द देवाच्या आतच बसलेलं आहे. आणि माणसाच्या अंगाची मांडणी हीच असल्यामुळे त्याचा प्रत्येक हात हलतो तेव्हा वर त्याच जागी काहीतरी हलतं, अशी त्यांची धारणा.

पायरी ६: फुटलेली भांडी

लुरियांच्या कथेत पोकळीत प्रकाश आला, त्याला धरायला भांडी होती. वरची तीन टिकली. खालच्यांना तो प्रकाश सोसवला नाही आणि ती फुटली. २८८ ठिणग्या भांड्यांच्या तुकड्यांसकट खाली पडल्या आणि वस्तूंत, अन्नात, माणसांत अडकल्या. त्यांच्याभोवती टरफलं आली. त्यांना 'क्लिपोत' म्हणतात. त्या ठिणग्या सोडवून वर पाठवणं म्हणजे 'तिक्कुन', दुरुस्ती.

भांडी का फुटली, याचं एक स्पष्टीकरण फार नेटकं आहे: प्रत्येक भांडं सुटं उभं होतं, स्वतःपुरतं घेत होतं, शेजारच्याला देत नव्हतं. फुटल्यानंतरची जुळणी वेगळी, त्यात प्रत्येकात इतरांचा अंश आहे. दहा सफिरोतपैकी प्रत्येकीत पुन्हा दहा, असं जे पुस्तकात वाचून डोकं गरगरतं, त्यामागे हे आहे.

आजकाल 'तिक्कुन ओलाम' हा शब्द समाजसेवेच्या अर्थाने सर्रास वापरतात. चांगलंच आहे, पण लुरियांच्या मनात झाडं लावणं नव्हतं. भाकरी खाण्याआधी म्हटलेला आशीर्वाद, तोही पूर्ण लक्ष देऊन, ही त्यांच्या लेखी दुरुस्ती. त्या 'लक्ष देऊन'ला शब्द आहे 'कवाना'.

पायरी ७: गरज कोणाला आहे?

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच मला थोडं दडपण येतं.

मैमोनिडीज (मृत्यू १२०४) यांच्यासारख्या तत्त्वज्ञाच्या मते आज्ञा पाळल्याने माणूस सुधारतो, देवाला त्याने काहीच फरक पडत नाही. कब्बालाकार याच्या अगदी उलट बाजूला उभे राहतात. वरच्यालाही गरज आहे, असं ते म्हणतात. शखिना आपल्या लोकांबरोबर वनवासात आहे, आपल्या जोडीदारापासून दुरावली आहे, आणि माणसाच्या कृतीने ती भेट घडते किंवा बिघडते. म्हणून अनेक समाजांत आज्ञा पाळण्याआधी एक वाक्य म्हणतात: पवित्र प्रभू आणि त्याची शखिना यांच्या एकीसाठी मी हे करतो. १८व्या शतकात प्रागचे मोठे रब्बी एहेझकेल लांडाऊ यांनी या वाक्याला कडक विरोध केला. वाक्य टिकलं.

झोहरचा नियम असा: खाली जाग आल्याशिवाय वर जाग येत नाही. आधार घेतला आहे 'उत्पत्ती' या तोरातल्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाचा. तिथे म्हटलंय की अजून पाऊस पडला नव्हता, कारण जमीन कसायला माणूस नव्हता. मग जमिनीतून वाफ वर जाते. रशी या ११व्या शतकातल्या भाष्यकाराने विचारलं, माणूस नव्हता म्हणून पाऊस का अडावा? त्याचं उत्तर: पावसाची किंमत कळणारं कोणी नव्हतं. आदाम आला, त्याला पावसाची गरज उमजली, त्याने मागितला आणि पाऊस पडला. मे महिन्याच्या अखेरीस आभाळाकडे बघत बसलेल्या माणसाला हा उतारा समजावून सांगावा लागत नाही. झोहर त्यातली वाफ उचलतो: आधी खालून वर काहीतरी गेलं पाहिजे.

म्हणजे मागणं हाही देण्याचाच एक प्रकार झाला. बाईंच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे.

पायरी ८: पाहुणा आणि यजमान

'घेणं' इतकं चांगलं तर लाज कसली? जेरुसलेमच्या ताल्मुदात (ताल्मुद म्हणजे रब्बींच्या जुन्या चर्चांचा संग्रह) एक साधं निरीक्षण आहे: जो दुसऱ्याचं खातो त्याला त्याच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते. पुढे याला 'लाजेची भाकरी' म्हणू लागले. पादुआचे मोशे हाईम लुझाट्टो (१७०७–१७४६) यांनी त्यावरून मांडलं, की निर्मात्याला द्यायचंच होतं, पण फुकट दिलं तर घेणारा खाली मान घालून बसेल, म्हणून कष्टाला जागा ठेवली.

२०व्या शतकात येहुदा अश्लाग (१८८५–१९५४) यांनी यावर सगळी इमारत उभी केली. वॉर्सातून जेरुसलेमला आलेले हे रब्बी. झोहरवर त्यांनी 'सुलाम', म्हणजे शिडी, नावाचं भाष्य लिहिलं. त्यांचा दाखला पाहुण्याचा. पाहुण्याला भूक लागलेली आहे, समोर त्याच्याच आवडीचे पदार्थ आहेत, तरी तो हात लावत नाही, कारण घेणारा ठरायची लाज. यजमान म्हणतो, "तुमच्यासाठीच केलंय हो." पाहुणा, "नको, खरंच नको." यजमान पुन्हा आग्रह करतो, हिरमुसतो. शेवटी पाहुण्याच्या लक्षात येतं, की आपण जेवलो नाही तर या माणसाचं मन मोडेल. तो जेवतो. ताट तेच, भूक तीच, घासही तेवढेच. पण आता खाऊन तो यजमानाला काहीतरी देतो आहे.

आपल्याकडे पंगतीत 'अर्धी तरी घ्या' ऐकत वाढलेल्या माणसाला हा प्रसंग पाठ असतो. त्यातली खुबी बघा: भूक मारायला कोणी सांगितलेलं नाही. अश्लागांच्या मते घेण्याची इच्छा हाच माणसाचा मूळ ऐवज आहे, ती मारून टाकली तर यजमान देणार कोणाला? बदलायचा तो हेतू. संन्यासाची वाट इथे बंद होते.

एक सावधगिरी. अश्लागांची मांडणी इतकी सुटसुटीत आहे की नवख्याला वाटतं, हीच संपूर्ण कब्बाला. तसं नाही. झोहर त्यापेक्षा कितीतरी रानटी, काव्यमय आणि जागोजागी न उलगडणारा आहे. इंटरनेटवर फुकट मिळणारं बरंचसं साहित्य अश्लागांच्या वाटेचं असतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पायरी ९: आत्म्याचे मजले, थोडक्यात

पाच नावं: नेफेश, रुआख, नशामा, हाया, यहिदा. पहिल्या तिघांसाठी काच फुंकणारा कारागीर डोळ्यांसमोर आणा. त्याच्या छातीतला श्वास म्हणजे नशामा, नळीतून जाणारा वारा म्हणजे रुआख, आणि भांड्यात पोचून स्थिरावलेली हवा म्हणजे नेफेश. श्वास एकच. वरचे दोन मजले सध्या सोडून द्या.

'तान्या'त आत्म्याला वरच्या देवाचा अंश म्हटलं आहे आणि पुढे 'ममाश' हा शब्द मुद्दाम जोडला आहे. अर्थ, अक्षरशः. इतकं जवळचं नातं असूनही शेवटी थेंब समुद्रात विरतो का? बाजूला ठेवलेली तुलना आता हवं तर परत घ्या. इथे मुक्कामाला 'दवेकुत' म्हणतात, म्हणजे चिकटून राहणं, आणि चिकटायला दोघं लागतात. कब्बालाचे आधुनिक अभ्यासक गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) यांचं मत होतं की यहुदी गूढवादी एकरूप होण्याची भाषा सहसा टाळतात. मोशे इडेल या अभ्यासकांनी नंतर तशी भाषा असलेले उतारे पुढे ठेवून त्यांना आव्हान दिलं. मला स्वतःला शोलेमांचं म्हणणं झोहरपुरतं पटतं, हसिदी लेखनापुरतं पटत नाही.

पायरी १०: वयाची अट आणि चौघांची बाग

"चाळिशीच्या आत कब्बाला वाचायची नाही" असं कोणीतरी सांगेलच. त्याला इतिहास आहे. १७व्या शतकात शब्बताई त्स्वी या माणसाला हजारो यहुद्यांनी मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, मानलं, लुरियांच्या कल्पनांचाच आधार घेऊन. १६६६ मध्ये तुर्की सुलतानासमोर त्याने इस्लाम स्वीकारला. त्या धक्क्याची आठवण ताजी असताना आणि तसलेच नवे पंथ डोकं वर काढत असताना १७५६ मध्ये ब्रॉडी (आजच्या युक्रेनमधलं गाव) इथे रब्बींनी झोहरसाठी ३० आणि लुरियांच्या लेखनासाठी ४० वर्षांची अट घातली. लुरिया स्वतः ३८ व्या वर्षी गेले, ही गोष्ट निराळी. वयापेक्षा जुनी ताकीद ताल्मुदातली: चौघे बागेत शिरले. एक मेला, एकाला वेड लागलं, एकाने रोपं छाटली, म्हणजे श्रद्धा सोडली. एकटे रब्बी अकिवा सुखरूप बाहेर आले.

आपल्यापुरता अर्थ: श्वासावर, पवित्र नामांवर, अक्षरांच्या फिरवाफिरवीवर ध्यान करण्याचे जे प्रयोग पुस्तकांत सापडतील ते एकट्याने करू नका. आणि पहिल्याच भेटीत पवित्र पाणी किंवा महागडा ग्रंथसंच विकणाऱ्याकडून काही शिकू नका.

पायरी ११: करून बघण्याच्या तीन गोष्टी

पहिली, कोर्दोवेरोंचं 'तोमेर दवोरा' हे छोटं पुस्तक घ्या, इंग्रजी भाषांतर सहज मिळतं. त्याचा विषय एकच: निर्मात्याचे गुण माणसाने अंगी कसे आणायचे. सुरुवातीलाच ते म्हणतात, माणूस पाप करायला हात उचलतो त्या क्षणीही त्या हाताला बळ निर्माताच पुरवत असतो. तो अपमान गिळतो आणि पुरवठा बंद करत नाही. आठवडाभर एवढंच करा: ज्याने तुम्हाला दुखावलं आहे त्याचं तुमच्याकडून होणारं एखादं नेहमीचं काम थांबवू नका. मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या बाबतीत केलं. त्याची रजेतली कामं आधीसारखीच उरकत राहिलो. तिसऱ्या दिवशी दात-ओठ खात होतो. पुस्तकातलं वाक्य सोपं वाटलं होतं.

दुसरी, ब्रेस्लोवचे रब्बी नाहमान (१७७२–१८१०) यांनी शिष्यांना दिलेली. रोज एकांतात जाऊन देवाशी बोलायचं, आणि ठरावीक हिब्रू प्रार्थनेत नाही, घरात बोलतो त्या भाषेत. त्यांच्या माणसांसाठी ती यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या यहुद्यांची रोजची बोली, होती. ते तासभर सांगतात, तुम्ही दहा मिनिटांनी सुरुवात करा, मराठीत. तक्रार करा, घासाघीस करा. काहीच सुचलं नाही तर 'हे जगाच्या मालका' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणा. त्यांनी तेही चालेल म्हटलं आहे.

तिसरी, एका शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, जा. मुंबईत भायखळ्याचं मागेन दाविद (१८६४), मशीद बंदरजवळचं १७९६ सालचं शाआर हारहमीम, पुण्यात लाल देऊळ म्हणून ओळखलं जाणारं ओहेल दाविद. बेने इस्रायल घरांतली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत, तेव्हा पत्ता विचारताना गोंधळू नका. आधी फोन करून परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाका, मोबाइल खिशातून काढू नका; शब्बाथ (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा विश्रांतीचा पवित्र दिवस) लागल्यावर फोटो काढणं आणि लिहिणं बंद.

प्रार्थनेत शब्बाथला नवरी म्हणून बोलावणारं एक गीत येईल. ते त्सफातच्या श्लोमो अल्काबेत्स यांनी १६व्या शतकात रचलं. कडव्यांच्या पहिल्या अक्षरांत त्यांनी आपलं नाव गुंफलं आहे. त्या काळी त्सफातची मंडळी तिचं स्वागत करायला गावाबाहेर शेतात जात. आता शेत नाही. शेवटच्या कडव्याला सगळे उठून पाठीमागे, दाराकडे तोंड करून उभे राहतात आणि किंचित वाकतात. दारात कोणी दिसत नाही. शेजारचा माणूस वळला की तुम्हीही वळा.